दाबाचा काटा

सोनगीरच्या आमच्या घरासमोर ती गाडी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. त्यातले मोजके आठवडेच मी नवऱ्यासोबत काढले होते. तो आखातात नोकरीला होता. लग्नापुरता आला, गेला, मग एकदा दिवाळीला आला. आणि आता कायमचा परत आलो असं सांगत गाडीसकट आला होता. मुंबईच्या बंदरावर गाडी सोडवून घेऊन आग्रा रोडनं स्वतः चालवत आणली होती. पांढरी, जपानी, बरीच वापरलेली. तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं, आणि तसं मागच्या काचेखाली इंग्रजीत लाल रंगानं लिहून घेतलेलं होतं. गावातली पोरं ती अक्षरं बोटानं गिरवून बघायची.

दुसऱ्या दिवशी तो मला धुळ्याला घेऊन गेला. गाव मागे पडल्यावर म्हणाला, "हा काटा बघत राहा."

स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं गोल घड्याळासारखं काहीतरी होतं. त्यानं पाय दाबला. आधी काहीच झालं नाही, मग इंजिनातून बारीक शीळ आली, काटा वर सरकला आणि माझी पाठ सीटला टेकली गेली.

"टर्बो आहे," तो म्हणाला. "हवा दाबून आत घालतो."

"कशाला?"

"जोर येतो."

तेवढंच बोलणं झालं. पण त्या दिवशी तो खूश होता आणि मीही. धुळ्यात आम्ही उसाचा रस प्यायलो. त्याला असं हसताना मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

धुळ्यात वर्कशॉप टाकायचं त्याच्या मनात होतं. जागा बघितली, एक भागीदार बघितला, भागीदार फिसकटला. कधी वीज नसायची, कधी माणूस सांगून यायचा नाही. तिकडे असं होत नाही, हे वाक्य तो दिवसातून अनेकदा म्हणू लागला, आणि मग तेही म्हणेनासा झाला. पावसाळा संपायच्या आत त्यानं पुन्हा करार केला. एका वर्षाचाच, म्हणाला. जाताना वडिलांना सांगून गेला, "आबा, गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा. उभी राहिली की मरते."

माझ्यासाठी वेगळं असं काही सांगून गेल्याचं मला आठवत नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. धुळ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झाले होते. उंच, काटक, बोलणं कमी. आमच्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही, अशी रीत होती. मी यावलची. माझे वडील शाळेत शिक्षक. बारावी सायन्स करून जळगावला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते तेव्हा लग्न ठरलं. सोनगीरला आल्यावर मी आबांशी जे बोलले असेन ते चहा ठेवल्याचं आणि ताट वाढल्याचं, तेही सासूबाईंच्या आडून.

दर रविवारी सकाळी आबा गाडी काढायचे. सोबत सासूबाई पुढच्या सीटवर. पण या गाडीची एक अडचण होती. चालवणारा डावीकडे, म्हणजे पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते त्याला दिसत नाही. उजवीकडे बसलेल्यानं सांगावं लागतं. सासूबाईंना लांबचं दिसत नव्हतं आणि गाडीत बसल्या की डुलकी लागायची. दोनतीन रविवार आबांनी एकेका ट्रकच्या मागे तसंच रखडत धुळं गाठलं. मग एका रविवारी सासूबाई मागे बसल्या आणि मला पुढे बसायला सांगितलं.

आग्रा रोडवर एक उसाचा ट्रक पुढे होता. मला रस्ता स्वच्छ दिसत होता. मी गप्प होते.

आबा समोर बघतच म्हणाले, "पोरी, तू बोलशी नही तं मी गाडी काढू कशी?"

मी म्हटलं, "मोकळा आहे."

त्यांनी गाडी काढली. पुढे एक टँकर आला, मी म्हटलं, "थांबा." मग म्हटलं, "आता घ्या." धुळ्याला पोचेपर्यंत मी त्यांच्याशी दोन वर्षांत बोलले नव्हते इतके शब्द बोलून झाले होते, सगळे रस्त्याबद्दलचे. परत येताना पदर वाऱ्यानं मागे गेला. मी तो सावरला नाही, आणि कोणी काही म्हटलं नाही.

हिवाळ्यात गाडीचा जोर गेला. आबा पाय दाबायचे, शीळ यायची, पण काटा जेमतेम हलून बसून राहायचा. त्यांनी प्लग बघितले, फिल्टर झटकला, हवेच्या नळ्यांवर साबणाचं पाणी टाकून कुठे बुडबुडे येतात का पाहिलं. त्यांच्या काळातल्या एसटीच्या डिझेल इंजिनांना टर्बो नव्हता. गाडीच्या डिकीत इंग्रजी पुस्तक होतं, दुरुस्तीचं, ऑइलचे डाग पडलेलं. एका दुपारी ते घेऊन आबा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"हाई इंग्रजी माले वाचता येस नही," ते म्हणाले. "तू वाच, मी समजी लेसू."

ओट्यावर बसून मी वाचायला लागले. शब्द वाचता येत होते, अर्थ लागत नव्हता. आबांना अर्थ चित्रावरून लागत होता, पण मध्ये मध्ये अडायचा. मी एक वाक्य वाचायचे, माझ्या परीनं मराठीत सांगायचे, ते चित्रावर बोट ठेवून म्हणायचे, "मंग हाई आठे जास." असं करत करत आम्हा दोघांना कळलं ते असं.

इंजिनातून जो धूर बाहेर जातो, त्याच्या वाटेत एक पंखा बसवलेला असतो. धुराच्या जोरानं तो फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून जोर जास्त. काटा दाखवतो तो त्या दाबलेल्या हवेचा दाब. पण इंजिन जितकं जोरात, तितका धूर जास्त. धूर जास्त, तितका पंखा जोरात. आणि पंखा जोरात, तितकं इंजिन. याला आवर घातला नाही तर इंजिन स्वतःलाच फोडून घेईल. म्हणून धुराच्या वाटेत एक छोटं झाकण ठेवलेलं असतं. पुस्तकात त्याला वेस्टगेट म्हटलं होतं. दाब ठरलेल्या खुणेला पोचला की ते झाकण उघडतं आणि जादा धूर पंख्याला न लागता बाजूनं निघून जातो.

"कोण उघडस ते?" आबांनी विचारलं.

मी पुढचं पान वाचलं. पत्र्याचा एक डबा, आत रबराचा पडदा आणि स्प्रिंग. पंख्याकडून एक बारीक नळी त्या डब्यात हवा आणते. हवेचा दाब स्प्रिंगपेक्षा भारी झाला की पडदा सरकतो, दांडी ढकलली जाते, झाकण उघडतं.

"आबा, कुकरच्या शिट्टीसारखं," मी म्हटलं. "वजन असतं तोवर वाफ कोंडते. वाफ वजनापेक्षा भारी झाली की शिट्टी."

ते विचार करून म्हणाले, "शिट्टी आतली वाफ सोडस. हाई झाकण दाबेल हवा सोडत नही, धूर सोडस."

ते बरोबर होतं. मी मान हलवली. मग मला सुचलं, "म्हणजे वाफ सोडण्याऐवजी खालचा गॅसच बारीक केल्यासारखं."

आबा हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. सासूबाई आतून बघायला आल्या.

आमच्या गाडीचं झाकण काजळीनं आणि गंजानं अर्धवट उघडं राहून अडकलं होतं. धूर बाजूनंच निघून जात होता, पंख्याला जोरच मिळत नव्हता. आबांनी रॉकेल टाकून, हलके ठोके देऊन ते सोडवलं. डब्यातली स्प्रिंगही जुनी होऊन मऊ पडली होती, त्यामुळे झाकण वेळेआधीच उघडत होतं. तरी काटा निम्म्याच्या खाली का होईना, जाऊन पोचू लागला.

त्या पुस्तकात आणखी एक सूचना होती. लांब चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. पंख्याच्या दांड्याला ऑइल थंड ठेवतं. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं आणि तापलेल्या दांड्यावर जळून बसतं. म्हणून थोडा वेळ इंजिन नुसतं चालू ठेवायचं. तेव्हापासून अंगणात आल्यावर आम्ही दोघं गाडीत बसून राहायचो. सासूबाई पिशवी घेऊन आत जायच्या. त्या तेवढ्या वेळात आबा बोलायचे. त्यांच्या डेपोतल्या गोष्टी, त्यांच्या आईच्या. एकदा त्यांनी विचारलं, "कॉलेज सुटनं त्यानं वाईट वाटस का तुले?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं, माझ्या वडिलांनीसुद्धा. मी म्हटलं, "वाटतं कधी कधी."

पुढच्या रविवारी धुळ्यात त्यांनी गाडी डी.एड. कॉलेजच्या फाटकाशी उभी केली आणि म्हणाले, "आत जाईसन इचारी ये."

नवऱ्याचा फोन धुळ्यातल्या एका ओळखीच्या दुकानावर यायचा. रविवारी ठरल्या वेळेला आम्ही तिथं जाऊन बसायचो. पहिल्या वर्षी फोन नेमानं आला. दुसऱ्या वर्षी कधी यायचा, कधी नाही. एक वर्षाचा करार वाढला होता, तो पुन्हा वाढला. फोन आला की तो आधी गाडीचं विचारायचा. आबांनी स्प्रिंगचं सांगितलं तर म्हणाला, त्याहून चांगला डबा पाठवतो, जास्त दाब धरणारा, इकडे पोरं बसवून घेतात, गाडी नुसती उडते. मला फोन दिला की विचारायचा, "बरी आहेस ना?" मी हो म्हणायचे.

तो डबा एका शिंप्याच्या हातून आला. धुळ्यातला मुसलमान माणूस, तिकडे त्याच गावात कपडे शिवायचा, सुट्टीवर आला होता. मी तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, रोज एसटीनं धुळ्याला जायचे. आबा एकटेच त्याच्या घरी जाऊन डबा घेऊन आले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पोट जड शे."

नवा डबा बसवला. दिसायला जुन्यासारखाच, पण आत स्प्रिंग कडक. कडक स्प्रिंगला हरवायला जास्त दाब लागतो, म्हणून झाकण उशिरा उघडतं, म्हणून काटा वर चढतो. पहिल्याच दिवशी तो निम्म्याची खूण ओलांडून गेला. गाडी खरोखरच वेगळी झाली. सोनगीरच्या किल्ल्याखालून निघालं की नगाव कधी आलं ते कळायचं नाही.

मला वाटलं, झालं. पण आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. डब्याच्या दांडीला नट होता. तो आवळला की दांडी आखूड होते, झाकण आणखी घट्ट बसतं, दाब आणखी वाढतो. दर रविवारी ते बॉनेट उघडून नट थोडा आवळायचे. काटा आणखी वर. मी पुस्तक काढून ते पान त्यांना पुन्हा वाचून दाखवलं. मर्यादा ओलांडू नये. हवा वाढते पण पेट्रोल त्या मानानं वाढत नाही, आतली उष्णता वाढते, आणि हलकं पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतं. तसं झालं की इंजिनात ठकठक ऐकू येते. ती ऐकू आली की ताबडतोब पाय काढावा.

"माले माहीत शे," आबा म्हणाले.

उभ्या आयुष्यात एकही बस त्यांनी धडधडत डेपोबाहेर जाऊ दिली नव्हती, असं सासूबाई सांगायच्या. अशा माणसाला काय झालंय ते मला कळेना. अंगणात आल्यावरही आता ते बोलायचे नाहीत. इंजिन चालू ठेवून नुसते काचेतून समोर बघत बसायचे. म्हातारपणी एखाद्याला असा नाद लागतो, असं मी धरून चालले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते म्हणाले, "चाल, तुले यावलले लई जास." सासूबाईंना बरोबर घेतलं नाही. का ते मी विचारलं नाही. माहेरी जायला मिळतंय यातच मी खूश होते.

सकाळी निघालो. धुळ्यानंतर पारोळा, एरंडोल. मी नेहमीसारखी सांगत होते, "मोकळा आहे, घ्या." "बस येते, थांबा." पण त्या दिवशी ते माझं पुरतं ऐकायच्या आधीच गाडी काढत होते. काटा शेवटच्या खुणेपर्यंत जात होता. जळगावच्या अलीकडे मला इंजिनात आवाज ऐकू आला, डब्यात खडे हलवावेत तसा.

"आबा, ठकठक होतेय."

त्यांनी पाय काढला नाही.

जळगाव ओलांडलं. भुसावळवरून जायचं होतं. नशिराबादच्या जवळ एक मोठा धक्का बसल्यासारखं झालं, बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली आणि गाडी आपोआप मंद होत रस्त्याच्या कडेला थांबली. इंजिनाच्या डोक्याखाली सांधा घट्ट ठेवणारं गॅस्केट फाटलं होतं. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं होतं.

समोर पंक्चरचं दुकान होतं, कडुनिंबाखाली. दुकानातल्या म्हाताऱ्या माणसानं खाट पुढे केली, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः दुकानात जाऊन बसला. आबा खाटेवर बसले, मी कडुनिंबाच्या पारावर. लांबून ट्रक येत होते, जात होते.

मग आबा बोलले.

"त्यानी तठे लगीन करी लिधं."

मला कळलं नाही असं नाही. पण मी विचारलं ते असं, "बॉनेट किती वेळानं उघडता येईल?"

"उघडी पाहू थोड्या येळमा," ते म्हणाले. मग म्हणाले, "पोरगी बी शे त्याले."

"केवढी?"

"चालस म्हणे."

त्या एका शब्दानं मला सगळं समजलं. चालते, म्हणजे किती आधीपासून. एका वर्षाच्या कराराला फार दिवस झाले नसतील तेव्हापासून. दुकानावर जाऊन फोनची वाट बघत बसलेले सगळे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसले.

आबांनी सांगितलं की त्या शिंप्यानं डबा हातात देताना खाली मान घालून सांगितलं होतं. म्हणाला होता, तुम्हाला माहीत नसेल तर ते पाप माझ्या डोक्यावर नको. तेव्हापासून ते आबांच्या पोटात होतं. सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं.

"तुन्हा बापले सांगाले निंघनू व्हतू," ते म्हणाले. "रस्ताभर इचार करी राहिंतू, काय तोंड दाखाडू त्या माणूसले. तुले आधी सांगाले पायजे, पण तोंड उघडनं नही."

मग पायातल्या चपलेकडे बघत म्हणाले, "तू आठे ऱ्हाय, नहीतं तठे ऱ्हाय. तुनं घर दोन्हीकडे शे. मी जिता शे तवपावत."

एवढं बोलून त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं. आवाज आला नाही. खांदे हलत होते. तो पंक्चरवाला बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं आणि परत आत गेला.

मी रडले ते नंतर, गाडी तिथंच सोडून एसटीनं यावलला पोचल्यावर, विहिरीवर धुणं धुताना. बाजूला केळीची बाग होती आणि पाणी धरणाऱ्या बाया बोलत होत्या, त्यांच्यापैकी एकीनं विचारलं, "किती दिवस राहणार बाई?" तेव्हा.

मी महिनाभर यावलला राहिले. आबांनी सगळं सांगितलं तरी माझ्या वडिलांचा राग आबांवर निघाला नाही, तो निघायला हवा होता असं आईचं म्हणणं. आई म्हणायची, परत जायचं नाही. पण डी.एड.चं दुसरं वर्ष धुळ्यात होतं. जून लागला तेव्हा आबा एसटीनं आले, ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मला घेऊन जातो असं ते म्हणाले नाहीत. गाडीचं बोलले. जळगावच्या एका कारागिरानं तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट हातानं कापून बसवलं, डोकं घासून घेतलं, चालू झाली. मग म्हणाले, "जुना डबा मी परत लावी दिधा. मऊ स्प्रिंगना."

मी पिशवी भरली.

सासूबाईंना तोवर कळलं होतं. त्या दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्यांनी मला बोल लावला नाही, जवळही घेतलं नाही. एकदा मी केस विंचरून देत होते तेव्हा एकदम विचारलं, "कशी दिसस व्हई व ती पोरगी? कोनावर गयी व्हई?" त्यांची ती पहिली नात होती. मला मूल नव्हतं. त्या प्रश्नात मला दुखवायचं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी वेणी घालत राहिले.

डी.एड. झालं. परगावातल्या एका शाळेत, मग जळगावला अशी मला नोकरी लागली. जळगावची नोकरी लागायच्या आदल्या वर्षी सासूबाई गेल्या, आणि त्यासाठी नवरा आला. एकटाच. थोडा जाड झाला होता, केस विरळ. मला "कशी आहेस" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेला. दहाव्यानंतर गाडी घेऊन धुळ्याला जाऊन आला. तो अंगणात उतरला तेव्हा मी त्याला आबांना विचारताना ऐकलं.

"आबा, प्रेशर कमी का केलं? मी पाठवलेला डबा कुठाय?"

"मी काढी लिधा."

"का? गाडीत जीवच राहिला नाही."

"माले इतलं पुरस," आबा म्हणाले.

मला वाटलं आता तरी दोघांत काही बोलणं होईल. दोघांनाही ते हवं असावं. पण त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं, बंद केलं. आबा ओसरीवर जाऊन बसले. चार दिवसांनी तो गेला. जाताना वडिलांच्या पायाला हात लावला, तेव्हा आबांचा हात त्याच्या डोक्यावर जाऊन पुष्कळ वेळ राहिला. रागानं दाबलेला पाय त्यांनी कधीच काढून घेतला होता. पण मुलगा मनातून गेला नव्हता. हे मला त्या हाताकडे बघून समजलं, आणि त्यांच्यासाठी जितकं वाईट वाटलं तितकं मला स्वतःसाठीही कधी वाटलं नाही.

जळगावला जाताना मी आबांना म्हटलं, "तुम्ही चला माझ्याबरोबर."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हणू द्या."

त्यांनी सोनगीरचं घर बंद केलं. गाडी ठेवायला जळगावच्या खोलीपाशी जागा नव्हती, आणि सुट्या भागांसाठी आता कुणाला सांगणार? धुळ्यातल्या एका गॅरेजवाल्यानं ती नेली. इंजिन कुठे गेलं, टर्बो कुठे गेला, आम्ही चौकशी केली नाही. नेताना तिला दोरानं ओढून नेली. आबा तेव्हा घरात होते, ट्रंकेला दोरी बांधत होते. बाहेर आले नाहीत.

जळगावला दोन खोल्यांत आम्ही सात-आठ वर्षं राहिलो. सकाळी मी शाळेत जायचे, ते भाजी निवडून ठेवायचे. सुरुवातीला शेजारणी विचारायच्या, वडील का? मी म्हणायचे, सासरे. मग त्या माझ्या गळ्याकडे बघायच्या, मंगळसूत्र आहे का ते, आणि पुढचा प्रश्न तोंडातच ठेवायच्या. आबांना हे दिसायचं. हळूहळू ते पायरीवर बसेनासे झाले.

शेवटच्या वर्षी त्यांना दम्याचा त्रास झाला. थंडीत फार. मी पाठीमागे उशा लावून त्यांना बसवायचे. एकदा धाप जरा बसल्यावर ते म्हणाले, "त्याले कळाडजो. पन तू बोलावू नको. त्याले वाटनं तं येई."

मी कळवलं होतं. तो आला, पण तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. आबा फाल्गुनातल्या एका सकाळी गेले, मी चहा गाळत असताना. अग्नी माझ्या धाकट्या भावानं दिला, यावलहून येऊन.

पुन्हा शाळेत गेले त्या दिवशी परिपाठाच्या वेळी मुख्याध्यापकांनी मुलांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. म्हणाले, बाईंचे वडील वारले. माझे वडील तेव्हा यावलला चांगले होते, शाळेतल्या दोघातिघांना ते माहीतही होतं. कोणी चूक दुरुस्त केली नाही. मीही केली नाही. मुलं माना खाली घालून उभी राहिली, आणि मग वर्ग सुरू झाले.